बदकाचं बूच

इरण्णाची नोकरी मी घालवली. एका वाक्यात घालवली, आणि ते वाक्य लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. उलट, लिहू नका म्हणून बजावलं होतं.

हे आधीच सांगून मोकळा होतो. स्वतःच्या फजित्या रंगवून सांगायची मला जुनी खोड आहे. तहसीलदार समजून त्यांच्या शिपायाला मी तीनदा वाकून सलाम केला होता. ती गोष्ट मी निदान पन्नास बैठकांत सांगितली असेल, आणि दर बैठकीत शिपायाच्या मिशा बोटभर वाढत गेल्या. अशा गोष्टींत एक सोय असते. आपणच आपल्याला आधी हसलो की लोक फारसं काही बोलत नाहीत. इरण्णाची गोष्टही मी तशी सांगून पाहिली. जमली नाही. मिशा वाढवायला तिच्यात जागाच सापडेना.

इरण्णाला ज्यांनी पाहिलं नाही त्यांना त्याची ओळख ओढ्यावरच करून द्यायला हवी. भाड्याची बैलगाडी घेऊन तो मुरुमच्या बाजाराला जायचा. वाटेत ओढा लागला की गाडी उभी करायचा, वहाणा काढून गाडीत टाकायचा, धोतर वर खोचायचा आणि एकटाच पाण्यात उतरायचा. पाणी घोट्याएवढं असो की मांडीएवढं, पायाच्या चवड्यांनी तळ चाचपत पलीकडं जायचा, तिरपा परत यायचा, मग बैलांच्या कानाशी कानडीत काहीतरी पुटपुटायचा आणि तेव्हा कुठं गाडी घालायचा. मागच्या गाड्या खोळंबायच्या.

"आरं ए इरण्णा, वढा हाय त्यो, समुद्र न्हाय!"

"पाणी वरनं समदं सारखंच दिसतं," तो वळूनही न बघता म्हणायचा. "तळाला इचारल्याबिगर तळ सांगत न्हाय."

बुटका, रुंद छातीचा माणूस. गळ्यात लिंगाची चांदीची करंडी, आणि अंगात पलटणीतून आणलेला खाकी सदरा. सदऱ्याच्या बाह्या विरून गेल्या तरी खिशाचं बटण त्यानं कधी उघडं ठेवलं नाही.

आमचं गाव मुरुमपासून दोन कोसांवर. गाव मराठी आणि कानडी बोलायचं, सरकार मात्र निजामाचं, ते उर्दू वाचायचं. या दोघांच्या मधल्या जागेत मी माझी ओसरी मांडून बसलो होतो. गुलबर्ग्याला मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा परत आलो होतो. पण मॅट्रिक नापास असलो तरी माझी उर्दू पास होती, आणि गावात तेवढी कुणाचीच नव्हती. सारा माफीचा अर्ज असो, बांधाची तक्रार असो, नाहीतर सासरहून न येणाऱ्या सुनेबद्दलची कैफियत असो, सगळं माझ्या लेखणीतून जायचं. लोक मला मुन्शीजी म्हणायचे. मला ते फार आवडायचं. पंचविशीही उलटली नव्हती आणि साठीचे म्हातारे माझ्यापुढं उकिडवे बसून "जरा चांगलं लिवा, मुन्शीजी" म्हणत. यानं माणसाचं जे व्हायचं ते माझं झालं होतं.

इरण्णा लढाईवर गेला तो सोलापूरला जाऊन, इंग्रजी हद्दीत भरती होऊन. चार वर्षांनी परत आला तेव्हा अंगावर खाकी, पायात खिळ्यांचे बूट आणि खांद्यावर पत्र्याची पेटी. चावडीसमोरच्या लिंबाखाली बसून त्यानं पहिल्याच संध्याकाळी सांगितलं की ब्रह्मदेशात तो पाण्यात पोहणारी मोटार चालवत होता.

"म्हणजे नाव," मी म्हणालो.

"नाव न्हाय. मोटार. सहा चाकं. जमिनीवर मोटारीसारखी पळती. नदी आली की तशीच आत शिरती. मागं पंखा हाय, त्यो पाणी कापतो. पलीकडं गेलं की परत चाकावर. सायब लोक तिला बदक म्हनत्यात."

"मग अंडी किती घालते?" मी विचारलं.

लिंबाखाली जो हशा झाला तो माझ्या आयुष्यातला पहिला मोठा हशा. त्याची चव मला लागली. मग रोज संध्याकाळी मी इरण्णाला बोलता करायचो. तो बिचारा विचारलं की सांगायचा. तोंड उघडणारं जहाज त्यानं पाहिलं होतं. वाळूला टेकलं की त्याचा जबडा पडायचा आणि पोटातून रणगाडे चालत बाहेर यायचे. शत्रूनं विमानातून पाहून फसावं म्हणून रबराचे रणगाडे फुगवून शेतात उभे करत, असं त्यानं ऐकलं होतं. "आणि एकदा एका बैलानं शिंग मारलं तर?" असं मी विचारलं, त्यावर तो स्वतःही हसला. पण सगळ्यांत मोठी थाप, आमच्या मते, चाकांची होती. वाळू लागली की ड्रायव्हरनं बसल्या जागी एक दांडा ओढायचा. चाकांतली हवा आपोआप कमी होते, चाक पसरतं आणि रुतत नाही. सडक आली की दांडा उलटा केला की हवा परत भरते.

"चालत्या मोटारीत?"

"चालत्या मोटारीत."

"आणि चहा कोणता दांडा ओढला की येतो?"

एकच गोष्ट सांगताना तो हसला नाही आणि मलाही अंडी सुचली नाहीत. पलटणीनं डोंगरात नेलेल्या खेचरांची. "त्यांचा गळा आतनं कापला हुता, मुन्शीजी. वरडून जागा सांगू न्हाय म्हनून. तोंड उघडायची. आवाज न्हाय." एवढं बोलून तो उठला आणि घरी गेला. मग कुणीतरी म्हणालं, "बदक गेलं," आणि तेव्हापासून त्याचं गावातलं नाव बदक पडलं. ते कुणी पाडलं हे मला ठाऊक नाही, असं मी बरीच वर्षं सांगत असे.

त्याची एक बोलायची लकब होती. बदकाच्या बुडाला भोकं असतात, आत साचलेलं पाणी जमिनीवर आल्यावर काढून टाकायला. नदीत घालण्याआधी त्या भोकांना बूच लावायचं. विसरलं तर मोटार अर्ध्या नदीत हळूच बसते. ती सवय त्याच्या जिभेला लागली होती. कुणी परगावी निघालं, कुणी सोयरीक ठरवायला चाललं, कुणी कोर्टात निघालं, की इरण्णा दारातून विचारायचा, "बूच बघितलं का?" नागव्वा, त्याची बायको, भाकरीचा डबा बांधायची तेव्हा तिलाही विचारायचा. ती चिडायची. "भाकरीला कसलं बूच, यप्पा?"

नागव्वाला त्यानं परत आल्यावर एक शब्द दिला होता. आता गाव सोडून कुठं जाणार नाही. चार वर्षं ती एकटी राहिली होती, दिराच्या घरी, जावेच्या हाताखाली. तिला आता आपलं एक खोलीचं का होईना घर हवं होतं. शेत नव्हतं. हातात कला एकच होती, मोटार चालवायची, आणि आमच्या भागात मोटारच नव्हती.

आणि मग मोटार आली. मुरुमच्या एका शेटजींनी हमरस्त्यापर्यंत सर्विस सुरू करायचं ठरवलं. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून कोळशावर चालणारी गाडी, मागं न्हाणीच्या बंबासारखी टाकी आणि तिच्यात निखारे. तिला ड्रायव्हर पाहिजे होता. कचेरीचा परवाना उर्दूत, म्हणून शेटजींच्या पेढीवरचा अर्जही उर्दूत.

इरण्णा माझ्या ओसरीवर आला तो हातपाय धुऊन, सदऱ्याचं बटण लावून.

"मुन्शीजी, साधं लिवा. चार वर्सं गाडी चालवली. दारू पीत न्हाय. गाडी सोता दुरुस्त करतो. बास."

"आणि बदक?"

"बदकाचं लिवू नका."

"का? खरं आहे ना ते?"

"खरं हाय म्हनूनच. ज्यानं बघितलं न्हाय त्याला ते खोटंच वाटनार. तुमाला वाटलं न्हवं?" तो हे रागानं बोलला नाही. तळ कुठं खोल आहे ते जसं सांगायचा, तसं बोलला. "ही नोकरी मिळाली तर नागव्वाला येगळी खोली करून देतो. एवढंच हाय. बूच नीट लावा."

मी लिहायला बसलो. चांगलं लिहिलं. खरोखर चांगलं लिहिलं. 'फिदवी' म्हणजे आपला नम्र सेवक, तो किती प्रामाणिक, किती कष्टाळू, हे असं सजवलं की वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आणि मग, अर्ज संपल्यावर, खाली चार बोटं जागा उरली. त्या कोऱ्या जागेनं माझा घात केला, असं मी म्हणणार होतो. जागेनं काही केलं नाही. माझ्या डोक्यात एक वाक्य तयार होतं, ते कुणीतरी वाचावं, हसावं, आणि हा अर्ज कुणी लिहिला म्हणून विचारावं, असं मला वाटलं. मी लिहिलं. उर्दूत ते वाक्य फार नटून बसलं होतं. मराठीत त्याचा अर्थ एवढाच: 'फिदवी पाण्यावरही मोटार हाकतो, तरी पावसाळ्यात शेटजींच्या उतारूंनी सोबत पोहायचे कपडे आणावेत.'

इरण्णाला उर्दू वाचता येत नव्हती. पलटणीत त्याला इंग्रजी अक्षरं शिकवली होती, तेवढीच. तो म्हणाला, "वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. मोठ्यानं, चढउतारानं, मराठीत अर्थ सांगत. ते एक वाक्य सोडून.

"बूच बसलं न्हवं?"

"बसलं."

त्यानं जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढत इंग्रजीत सही केली. मग पिशवीतून एक पांढरा मग काढला, चिनी मुलाम्याचा, निळ्या काठाचा. पलटणीतला. माझ्यापुढं ठेवला. "च्या पीत जावा यात. पडला तर फुटत न्हाय."

तिसऱ्या दिवशी तो मुरुमहून परत आला. मी ओसरीवर होतो, हातात तोच मग होता.

"काय झालं?"

"जागा भरली म्हनले."

त्यानं रांजणातलं पाणी मागितलं, उभ्यानंच प्यायला, आणि गेला. मला हायसं वाटलं. पाहा, हायसं! जागा भरली म्हणजे माझं वाक्य कुणी वाचलंच नसणार. मला थोडं वाईटही वाटलं, तेही इरण्णाबद्दल नव्हे, वाक्याबद्दल. मग ते वाया जाऊ नये म्हणून मी ते लिंबाखाली तिघांना म्हणून दाखवलं. तिघांनाच. तिघांनीही कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं, आणि आठ दिवसांत चावडीवरचा चौकीदार मला म्हणाला, "मुन्शीजी, पोहायचे कपडे घेतले का?"

शेटजींच्या मोटारीवर सोलापूरकडचा एक पोरगेला ड्रायव्हर आला. इरण्णा भाड्याची बैलगाडी हाकू लागला. तुरीची, शेंगांची पोती स्वतः चढवायची, स्वतः उतरवायची. मोटार त्याच्या गाडीशेजारून भोंगा वाजवत जायची, धुरळा उडवायची, बैल बिचकायचे. तो खाली उतरून बैलांच्या मानेवर हात ठेवून उभा राहायचा. नागव्वा जावेच्या हाताखालीच राहिली. दोन वर्षांत पोत्यांनी त्याची पाठ गेली. गेली म्हणजे पार गेली. पुढं आयुष्यभर तो डावीकडं कलून चालला.

आणि त्याही दिवसांत तो माझ्याकडं यायचा. बैल कोंडवाड्यात घातले म्हणून अर्ज, पलटणीच्या कागदांसाठी अर्ज, भावाभावांतल्या भिंतीची तक्रार. समोर बसायचा, सांगायचा. मी लिहायचो. साधं लिहायचो. वाचून दाखवा, असं मात्र तो त्यानंतर कधी म्हणाला नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं. मी त्याचा अर्थ असा लावला की त्याचा माझ्यावर विश्वास बसला.

मग पोलीस ॲक्शनचं ते वर्ष आलं. त्याआधीचे महिने गावानं दारं लावून काढले. रझाकारांची धास्ती होती, अफवांची त्याहून जास्त. भाद्रपदात एका सकाळी बातमी आली की हिंदुस्थानची फौज हमरस्त्यानं आली आणि तिच्यातल्या काही गाड्या आपल्या वाटेनं मुरुमकडं वळल्या. गावानं मला पुढं घातलं. फौजेशी बोलायचं म्हणजे मुन्शीच पाहिजे. मी रात्रीतून नव्हे, तासाभरातच एक भाषण लिहून काढलं. स्वागताचं, अस्सल उर्दूत, मध्ये दोन शेर पेरलेले. ते हातात धरून मी पंचवीस माणसांच्या पुढं ओढ्याशी गेलो.

ओढा दोन्ही थड्या भरून चालला होता. पलीकडं तीन ट्रक उभे, आणि पुढची छोटी उघडी गाडी पाण्याच्या मधोमध बंद पडलेली. तिच्यात बसून एक सुभेदार ड्रायव्हरला शिव्या देत होता. मी काठावर उभा राहून कागद उघडला आणि खणखणीत सुरुवात केली. पहिल्या शेरापर्यंत पोचलो असेन.

"अहो," सुभेदार साताऱ्याकडच्या मराठीत ओरडला, "मराठी येतं का कुणाला? ह्यांना गप करा आन् बैल आणा!"

मागून इरण्णा बैल घेऊन आलाच होता. त्यानं बैल आधी बाजूला बांधले, वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि पाण्यात उतरला. तळ चाचपत चाचपत गाडीपर्यंत गेला, गाडीच्या वरच्या अंगानं पलीकडं गेला, तिरपा परत आला. मग बैल लावून त्यानं गाडी अलीकडच्या काठावर ओढून काढली आणि कुणाला न विचारता तिचं टोपण उघडलं.

"ए, हात लावू नको!" ड्रायव्हर म्हणाला.

"पंख्याचा पट्टा काढा," इरण्णा त्याला म्हणाला. "पंखा पाणी उडवतो, ते इंजनाच्या पलगावर जातं, म्हनून बंद पडली. ग्रीस हाय का? पलीकडच्या ट्रकांचेबी पट्टे काढाया सांगा, आन् त्यांच्या चाकातली हवा कमी करा. निम्मी." त्यानं स्वतःच्या डोक्याचा पटका फाडून आतल्या तारांची डबी कोरडी केली आणि चिंधी तिला गुंडाळली. वरून ग्रीस थापलं. मग पलीकडच्या ट्रकांना हातानं वाट दाखवली. सरळ नको, खालच्या अंगाला तिरपं या, पहिल्या गियरात, आणि पाय उचलू नका. तो कमरेएवढ्या पाण्यात खड्ड्याच्या कडेला खांबासारखा उभा राहिला आणि त्याच्या शेजारून एकेक करत तिन्ही ट्रक आले. एकही थांबला नाही.

सुभेदार खाली उतरला. "कुठं शिकलास रं हे?"

इरण्णानं पाण्यातच टाचा जुळवल्या. "बर्मा, साहेब. बदक चालवत हुतो."

आमच्यातला कुणीतरी सवयीनं हसला. सुभेदार हसला नाही. त्यानं इरण्णाच्या दोन्ही खांद्यांना धरलं. "बदक? आरं, आमची आख्खी कंपनी बदकात बसून नदीपार गेली तिथं! वरनं गोळ्या, खाली पाणी, आन् तुमचा एक ड्रायव्हर, मद्रासकडचा, बसल्या जागी चाकातली हवा कमी करत वाळूवर चढला. आजून डोळ्यांपुढं हाय." मग तो आमच्याकडं वळला. "ठाऊक हाय का तुम्हाला, काय असतं ते? पाण्यात मोटार! येरागबाळ्याचं काम न्हाय."

तो परत इरण्णाकडं वळला.

"मग इथं काय चालवतोस?" सुभेदारानं विचारलं.

"बैल."

"बैल? मोटार न्हाय इकडं?"

"हाय एक. अर्ज केला हुता."

"मग?"

इरण्णानं धोतराचा सोगा पिळला. "अर्जाचं बूच राहिलं, साहेब."

"म्हणजे? कुणी लिहिला होता अर्ज?"

"हाय एक जण," इरण्णा म्हणाला.

मी तीन हातांवर उभा होतो. माझ्या हातात उर्दू भाषण होतं, आणि त्यातली शाई भिजून माझ्या मनगटावर उतरली होती. एक पाऊल पुढं टाकून 'मी लिहिला होता' एवढं म्हणायचं होतं. मला बोलायची हौस जन्मजात, चार माणसं दिसली की मी तोंड उघडतो. त्या दिवशी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. सुभेदारानं इरण्णाला सिगरेट दिली, दोघं ट्रकच्या पायरीवर बसून ओढत राहिले, आणि मी कागदाची घडी करत राहिलो. किती लहान घडी होऊ शकते हे मला त्या दिवशी कळलं.

पुढं राज्य बदललं. कचेरीत मराठी आली आणि माझी उर्दू एका पावसाळ्यात ओसरीवरच्या जुन्या पलंगासारखी झाली, टाकवतही नाही आणि कुणी बसतही नाही. शाळेत नवे मास्तर आले. लोक त्यांच्याकडं अर्ज लिहून घ्यायला जाऊ लागले. मी एका अडतीवर हिशेबनीस म्हणून लागलो, तिथंही बेरजा चुकवल्या, पण ती हसण्यासारखी गोष्ट आहे, ती वेगळी.

काही वर्षांनी मोटारींची नवी सर्विस निघाली आणि इरण्णा तिच्यावर ड्रायव्हर झाला. अर्ज त्या मास्तरांनी लिहिला. दोन ओळींचा होता म्हणे. नागव्वाला वेगळी खोली मिळाली, तेव्हा तिचे केस पिकायला लागले होते. इरण्णा पाठीमागं वाकळेची घडी ठेवून मोटार चालवायचा, पाठ टेकत नसे म्हणून. ओढा आला की पन्नास उतारू आत बसलेले असताना मोटार थांबवायचा आणि धोतराऐवजी खाकी चड्डीत पाण्यात उतरून तळ चाचपायचा. लोक कुरकुरायचे. घड्याळं दाखवायचे.

एकदा मी त्या मोटारीत होतो. तो पाण्यात उतरला तसा मीही मागोमाग उतरलो. मनाशी ठरवलं होतं की आज सांगायचं. गुडघाभर पाण्यात त्याला गाठलं आणि म्हणालो, "इरण्णा, त्या अर्जात मी..."

"मुन्शीजी," तो पायानं तळ चाचपत म्हणाला, "हितं शेवाळ हाय, मागं व्हा."

मी मागं झालो, घसरलो, आणि पन्नास उतारूंदेखत बसकण मारली. इरण्णानंच हात देऊन उठवलं. मोटारभर हशा झाला. मला इतकं बरं वाटलं त्या हशानं! जणू हिशेब मिटला. वाटेत भेटला की तो पुढंही हात जोडून, त्यांच्यातल्या नमस्काराच्या रीतीनं, "शरणार्थी, मुन्शीजी" म्हणायचाच. कधी चुकला नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की या माणसाला सगळं ठाऊक आहे आणि त्यानं मला माफ केलेलं आहे. मग ही गोष्ट बैठकांत सांगायला मी मोकळा झालो. शेवटी आवाज थोडा खाली आणून म्हणायचो, "केवढं मोठं मन!" लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही.

इरण्णा गेला तो म्हातारपणानं, एका उन्हाळ्यात. तेराव्याला फार माणसं होती म्हणून मी गेलो नाही. महिन्याभरानं गेलो. तो पांढरा मग धुऊन, फडक्यात गुंडाळून नेला. नागव्वा दारात सुपात ज्वारी पाखडत बसली होती. मी समोर बसलो आणि बोलायला लागलो. सगळं सांगितलं. कोरी चार बोटं जागा, पोहायचे कपडे, वाचताना गाळलेलं वाक्य, लिंबाखालचे तिघे. बोलता बोलता शब्द आपोआप चांगले येऊ लागले. तेवढ्यात ती म्हणाली,

"ठावं हाय."

"त्याला ठाऊक होतं?"

"त्याच दिशी. शेटजीच्या कारकुनानं समद्यांम्होरं वाचलं. मग म्हनला, 'हितं फरशीवर पवून दाखव, मग बघू.'"

"मग?"

"मग काय. उभारले नुसते. आन् आले घरी."

तिनं माझ्या हातातला मग घेतला, उलटा करून बूड पाहिलं, पदरानं पुसला आणि ज्वारीच्या पोत्यात मापाला घातला. एक मग सुपात ओतला, दुसरा ओतला.

"आणि तरी दुसऱ्याच आठवड्याला तो माझ्याकडं आला, नागव्वा," मी म्हणालो. "पुढंही येत राहिला. माझ्यासमोर बसला, माझ्याकडूनच अर्ज लिहून घेतले. एका शब्दानं बोलला नाही. केवढं मोठं मन त्या..."

नागव्वानं सूप खाली ठेवलं.

"मन कशाचं घिऊन बसलाव, मुन्शीजी? उर्दू लिवनारा गावात दुसरा कोन हुता? मराठी आली, तवापास्नं एकदा तरी तुमच्या वसरीवर पाय ठिवला का त्यांनी?"